नावाडीण वाचली

११ जानेवारी

भिंगरे,

पार्सल फोडून आधी पुस्तकाचा वास घेतला असशील. घे, पोटभर घे, मग पत्र वाच.

घराचं रंगकाम काढलंय. रंगारी म्हणाला, "बाई, माळा रिकामा करून द्या." म्हणून गुडघ्यांची परवानगी घेऊन शिडीवर चढले. तर आईच्या जुन्या रजईखाली एक खोकं, आणि खोक्यात कोण? 'धुक्यापलीकडची बेटं'! तिन्ही भाग, जसेच्या तसे. पहिल्यावर तू सांडलेल्या शाईचा डाग अजून आहे. आमचे चिरंजीव खालून ओरडले, "रद्दीत टाकायची का?" मी असं काही बघितलं की तो मुकाट्याने शिडी धरून उभा राहिला.

तू तेरा वर्षांची, मी सोळाची. दोघी मावसबहिणी आणि पुस्तक एक. तू पानाचा खालचा कोपरा चिमटीत धरून बसायचीस, मी उलटू नये म्हणून. मी भराभर वाचायची, तू ओळीओळीला रेंगाळायचीस. किती भांडलो असू! आईने एकदा पुस्तक पिठाच्या डब्यात लपवून ठेवलं होतं.

पहिला भाग पाठवतेय. अट एकच. वाचून झाला की परत पाठवायचा, सोबत पत्र. फोन चालणार नाही. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळत असतेस, मला ऐकू येतं.

दुकानात मान वर करायला फुरसत नाही. सध्या सगळ्या गावाला पँटी आखूड करून हव्यात. माणसं उंच व्हायची थांबली की काय कोण जाणे.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ताई,

वास घेतला. तुझ्या माळ्यावरच्या डांबरगोळ्या निघाल्या. तरी घेतला.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचते. काउंटरखाली पुस्तक, वर नुसतं डोकं. काचवाले काका (आमच्याकडे भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतात ते) मशीन बंद करून विचारतात, "आज ती पोर कुठवर पोचली?" त्यांना एकदा वाटलं मी कुणा नात्यातल्या मुलीबद्दल बोलतेय. म्हटलं, "नाही हो, दिवेवाली आहे ती. बेटाबेटांवर दिवे लावत फिरते, आणि तिला दगडांचं बोलणं ऐकू येतं." ते म्हणाले, "दगडांचं सोप्पं असतं. गिऱ्हाइकांचं ऐकून दाखव म्हणावं."

पण ताई, अगं, काय हे! त्या राजपुत्रावर आपण जीव टाकायचो? अख्ख्या भागात त्या माणसाने एक भांडं विसळलेलं नाही. दिवेवाली होडी वल्हवते, लाकडं आणते, जखमा बांधते, आणि हा क्षितिजाकडे बघत उभा. तेव्हा मला वाटायचं, किती खोल विचार करत असेल! आता वाटतं, याला कुणीतरी हलवा.

आणि तो महागुरू! प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "वेळ आली की कळेल." अरे बाबा, आत्ताच सांग ना. सांगितलं असतंस तर दोन बेटं जळाली नसती. तेव्हा मला तो फार थोर वाटायचा. आता असा संताप आला की पुस्तक आपटलं. मोठ्या माणसांना मुलांपासून गोष्टी लपवून ठेवण्यात काय सुख मिळतं? काका म्हणाले, "रागावतेस काय, पुस्तक आहे."

दुसरा भाग लवकर पाठव.

तुझी,
भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

घे दुसरा. मीही परत वाचून काढला, शिलाई मशीनच्या पाटावर ठेवून. एका बाईंचा ब्लाउज दोनदा उसवावा लागला तो त्या बेटं जाळत फिरणाऱ्या राखेच्या राणीपायी. बाईंनी विचारलं तर सांगितलं, "दोरा चांगला लागला नाही." दोऱ्याची तक्रार कोण ऐकतंय!

राजपुत्राबद्दल तू म्हणतेस ते खरं. मी तर त्याच्यासारख्याशीच लग्न करून बसले होते, म्हणून जास्त बोलत नाही. माझ्या राजपुत्राला शेवटी शेवटी वरणाला फोडणी देता यायला लागली होती, तेवढ्यात देवाने नेला. असो.

महागुरूला इतकं झोडू नकोस. सगळं ठाऊक असलेल्या माणसाच्या जिवाला काय होत असेल, ते कुणी विचारत नाही. आणि कधी कधी त्यालाही धड ठाऊक नसतं. दाढी असली म्हणून काय झालं?

चिरंजिवांना दुसऱ्या शहरात नोकरी लागली. रंग वाळायच्या आत घर रिकामं होणार. खोली छान पिवळी झालीय, ये कधीतरी.

ताई


१५ मार्च

ताई,

खोली पिवळी झालीय हे इतक्या घाईने लिहिलंस की मला कळलं. पोरगा जातोय म्हणून तोंड पाडून बसू नकोस. मी आहे ना तुला छळायला.

दुसरा भाग संपला. यातली खरी हिरॉईन दिवेवाली नव्हेच, ती नावाडीण आहे! दिवेवालीला लहानपणापासून सांभाळते, पण एक गोड शब्द नाही. माशांना शिव्या, वाऱ्याला शिव्या, महागुरूला तर तोंडावर "ए दाढीवाल्या, पाय उचल, होडी पुसायचीय." आणि जेवताना आपल्या ताटातलं गुपचूप पोरीच्या ताटात सरकवते, वर म्हणते, "मला करपलेलं चालत नाही." तेरा वर्षांची असताना हे वाक्य मला खरंच वाटलं होतं, करपलंय म्हणून देते. काल ते पान दोनदा वाचलं.

आता तिसरा भाग. तुला आठवतं ना, तो मी माझ्या डोळ्यांनी वाचलेलाच नाही. गोवर आला होता, तो डोळ्यांवर उतरला. आईच्या फुप्फुसाचं दुखणं बळावलेलं, तिला संसर्ग नको म्हणून मला तुमच्या घरी आणून ठेवलं. खिडक्यांना जाड चादरी, वाचायचं नाही, उजेडात बघायचं नाही. आणि तू रोज दुपारी दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात बसून वाचायचीस. त्याच महिन्यात आई गेली. त्या दिवसांतले मला दोनच आवाज आठवतात. दाराबाहेरची मोठ्यांची कुजबूज, आणि आत तुझं वाचन.

तिसऱ्यातला मिठाचा बाजार मला अजून पाठ आहे! नावाडीण लाटांतून वाहत जाते ती मिठाच्या बेटावर. तिथे समुद्रातल्या चेटकिणींचा बाजार भरतो, आणि ही बाई दोन दिवसांत सगळ्या चेटकिणींना रांगेत उभं राहायला शिकवते. मग राखेची राणी तिथे तिला धरायला येते आणि नावाडीण तिला म्हणते, "आलीच आहेस तर ही भांडी घासून टाक." आणि राणी घासते! मी हसून हसून खोकले होते. ते पान कधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचते असं झालंय.

पाठव लवकर.

तुझी,
भिंगरी


४ एप्रिल

भिंगरे,

तिसऱ्या भागाची शिवण गेलीय. पानं सुटी झालीत, पोस्टात हरवतील. एका बाइंडिंगवाल्याकडे टाकलाय, तो आज देतो, उद्या देतो करतोय. तू तोवर दुसरं काही वाच. आणि खरं सांगू का, पहिल्या दोनांतच मजा आहे. तिसऱ्यात लेखक दमलाय. काही पुस्तकं आठवणीतच चांगली राहतात.

चिरंजीव गेले. जाताना डोळे पुसले नाहीत, मीही नाही. तो गेल्यावर त्याच्या उरलेल्या एका मोज्याला जोडी शोधत बसले.

उन्हं वाढलीत, डोळे सांभाळ.

ताई


२५ एप्रिल

ताई,

गावभरच्या कपड्यांचे टाके घालतेस आणि पुस्तक शिवायला बाइंडिंगवाला? थाप मारायची तर जरा बरी मारावी.

मला वाटतं तुझं मन लागत नाहीये. पोरगा गेला, घर मोकळं झालं, आणि तुला आता कशातच रस राहिला नाही. "आठवणीतच चांगली" म्हणे! असं निवृत्त माणसासारखं बोलू नकोस. मी तुला सोडणार नाही. तू नाही पाठवलास तरी माझं अडलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी पुस्तकं मांडून बसतो त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने काल तिसरा भाग आणून दिला. मुखपृष्ठ अर्धं फाटलंय, पण पानं सगळी आहेत.

रविवारी सुरू करतेय. मिठाचा बाजार आला की तुला लिहिते. बघच, तुझाही उत्साह परत येतो की नाही.

तुझी,
भिंगरी


३ मे

ताई,

नावाडीण मरते.

पुस्तकाच्या ऐन मध्यावर, काळ्या खाडीत. दिवेवालीला खडकावर ढकलते आणि होडीसकट खाली जाते. मला वाटलं, येईल वर. पान उलटलं, मग प्रकरण संपलं, मग पुस्तक संपलं. ती आली नाही. मिठाचा बाजार नाहीच. भांडी नाहीत. राखेची राणी शेवटी कुठल्याशा मंत्राने मरते आणि दिवेवाली एकटी दिवा लावते. बस्स.

म्हणजे तू समोर पुस्तक धरून मनचं सांगत होतीस. रोज.

तेव्हा घरात जो तो मला सांगत होता, आई बरी होतेय, आई जेवली, आईने तुला विचारलंय. सगळं खोटं होतं, ते मला नंतर कळलं. मला तिला बघूही दिलं नाही. पण मला वाटायचं, त्या खोलीत एक तुझा आवाज खरा होता. तेवढ्यावर मी इतकी वर्षं काढली, ताई. आता तोही त्यांच्यातलाच निघाला.

तुला माहीत होतं ना, आई जाणार ते? एवढंच सांग. बाकी काही लिहू नकोस.


१९ जून

भिंगरे,

तुझं पत्र आल्यापासून रोज कागद पुढे घेतेय. तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. फोनवर मला हे जमलंही नसतं.

एवढंच सांग म्हणालीस. तर हो, माहीत होतं. पण बाकीचंही लिहिणार. वाचायचं की नाही ते तू ठरव.

मला गोवर आधीच येऊन गेलेला, म्हणून मी तेव्हा रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, डबा घेऊन मावशीकडे, म्हणजे तुझ्या आईकडे जायची. मग घरी येऊन दुपारी तुझ्या खोलीत. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मलाही "बरी होतेय" एवढंच. मावशी उशांना टेकून बसलेली असायची, बोलताना धाप लागायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "भिंगरी काय करते दिवसभर?" म्हटलं, "मी तिला पुस्तक वाचून दाखवते." तर म्हणाली, "मग मलाही सांग. ती जे ऐकते तेच मला ऐकायचंय."

म्हणून मी आदल्या दुपारी तुला वाचलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगायची. तिला पहिल्या दोन भागांतलं सगळं आधीच ठाऊक होतं, तू तिचं डोकं खाल्लं होतंस ना! आणि काय टिप्पण्या असायच्या तिच्या! राजपुत्राला म्हणायची, "त्याला आधी कुणीतरी आंघोळ घाला." तू फेब्रुवारीत लिहिलंस ना, भांडं विसळत नाही म्हणून? तंतोतंत तिचा सूर.

एका सकाळी मी सांगितलं, आता नावाडीण पोरीला घेऊन काळ्या खाडीकडे निघालीय. मावशीने उशीवरून मान उचलली. मग म्हणाली, "ही बाई आता जाणार बघ. इतकी कामाची बाई पुस्तकात शेवटपर्यंत ठेवत नाहीत. तिला घालवल्याशिवाय पोर एकटी उभी कशी राहणार?" आणि हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लेखकाचं चुकत नाही गं. पण वाईट वाटतं."

मला तेव्हा कळलं, भिंगरे. डॉक्टरांकडून नाही, आईकडून नाही. तिच्याकडून कळलं.

घरी येऊन मी पुढची पानं चाळली. खरंच जात होती. दुपारी तू विचारलंस, "वाच ना, खाडीत काय होतं?" डोळ्यांवर ओली पट्टी, हात माझ्या गुडघ्यावर. मी पुस्तक उघडलं आणि म्हटलं, "लाट आली, होडी उलटली." आणि थांबले. तू माझा गुडघा आवळलास. मग मी म्हटलं, "पण नावाडीण वाचली."

दुसऱ्या दिवशी मावशीने विचारलं, "गेली ना?" मी म्हटलं, "नाही मावशी. वाचली."

तिने माझ्याकडे कितीतरी वेळ बघितलं. तिला सगळं समजलं. मला वाटलं आता रागावेल. तर म्हणाली, "बरं झालं. मग आता कुठे आहे ती?" पुढचं मी रचलेलंच नव्हतं. तर म्हणाली, "मिठाच्या बेटावर टाक तिला. तिथे बाजार भरतो म्हण. भांडणाशिवाय तिला करमायचं नाही."

मिठाचा बाजार माझा नाही, भिंगरे. तुझ्या आईचा आहे. चेटकिणींना रांगेत उभं करणं तिचं. राणीला भांडी घासायला लावणं तर इतकं तिचं की सांगताना तिला ठसका लागला आणि त्या दिवशी माझ्याबरोबर आलेली माझी आई धावत आत आली, "तिला हसवू नकोस" म्हणून माझ्यावर ओरडली. मावशीने तोंडावर पदर धरला आणि मला खुणेने सांगितलं, पुढे चल. दुपारी तू हसून हसून खोकलीस, तेव्हा मला उठून बाहेर जावं लागलं होतं. पाणी आणायला जाते म्हणाले होते.

त्या दिवसापासून मी दोन्ही घरांत निरोप्या झाले. तू काय बोललीस ते सकाळी तिला सांगायचं, ती काय म्हणाली ते दुपारी पुस्तकात मिसळून तुला वाचायचं. "आईने तुला विचारलंय" हे बाकीच्यांचं काय होतं मला माहीत नाही. माझं खरं होतं. ती रोज विचारायची.

नावाडीण परत येते, किनाऱ्यावर दिवा दिसतो, तो शेवट मात्र माझ्या एकटीचा. तोवर ती गेली होती. तू म्हणशील, तो जरा घाईत उरकलास. हो, उरकला.

इतकी वर्षं का नाही सांगितलं? आधी तू लहान होतीस. मग तू हसतखेळत नावाडिणीबद्दल बोलायचीस, ते मोडवेना. आणि आतलं सांगायचं तर, मावशीच्या त्या सकाळी फक्त माझ्या होत्या. वाटून द्यायला हात उचलत नव्हता. तिसरा भाग म्हणूनच धाडला नाही. बाइंडिंगवाला नव्हताच, तू ओळखलंसच.

माफी मागत नाहीये. नावाडीण तेव्हा मरायला नको होती. आजही तीच दुपार पुढ्यात आली तर मी तेच करीन. पण तुला बघू द्यायला हवं होतं तिला, दारातून का होईना. ते मोठ्यांचं चुकलं, आणि माझ्यात सांगायची धमक नव्हती.

रागव. पण उत्तर दे.

ताई


३० जून

ताई,

पत्र दुकानात आलं. हल्ली घरी कुणी नसतं म्हणून पोस्टमन इथेच देतो. समोर एक आजोबा डोळे तपासायला बसले होते, तक्त्यावरची अक्षरं वाचत होते. मी म्हटलं, दोन ओळी बघू आणि ठेवून देऊ. पण तू "मावशी उशांना टेकून" लिहिलंस तिथे आले आणि मला थांबता येईना. आजोबा खालच्या ओळीपर्यंत पोचले, बरोबर की चूक कुणी सांगेना, म्हणून परत वरून सुरू झाले. बिचाऱ्यांनी तीनदा वाचलं.

मग मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. काचवाले काका मशीन तसंच चालू टाकून आले. "काय झालं गं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "आई."

"अरे देवा! कधी?"

म्हटलं, "मी तेरा वर्षांची असताना."

आजोबांनी चाचणीची फ्रेम डोळ्यांवरून काढली आणि खिशातला रुमाल मला दिला. म्हणाले, "रड पोरी. मला काही घाई नाही. माझी गेली त्याला साठ वर्षं झाली." मग काकांनी पाणी आणलं, दाराची पाटी उलटी केली आणि मशीन बंद केलं.

रागावले होते, ताई. तुझं पत्र यायच्या आधी दुसऱ्यांदा तिसरा भाग वाचायला घेतला होता, तुझ्या खोटेपणाची उजळणी करायला म्हणून. तर खाडीचं ते पान चांगलं आहे गं. लेखक दमलेला नाही. नावाडीण जाताना शिवीच देते, लाटेला. मोठेपणी वाचल्यावर ते सोसतं. तेव्हा नसतं सोसलं. माफी मागत नाहीस ते बरंच, मी माफ करतही नाहीये. माफ करण्यासारखं त्यात काही नाहीच.

मला इतकी वर्षं आई म्हटलं की बंद दार दिसायचं. आतून काही ऐकू न येणारं. तिचा फोटो आहे, पण फोटोत ती फोटोसारखी बसलीय. ती विनोदी होती हेच मला ठाऊक नव्हतं! कुणी सांगितलंच नाही. गेलेल्या माणसाबद्दल सगळे म्हणतात, फार सोशिक होती, फार प्रेमळ होती. बाजार भरवायची अक्कल होती असं कुणी म्हणत नाही.

शनिवारच्या गाडीने येतेय, आठवडाभराची रजा टाकून. स्टेशनवर यायचं नाही, गुडघे दुखतील. पिवळ्या खोलीत माझं अंथरूण घाल.

आणि दुसरं काही करू नकोस, पंगतीचा स्वयंपाक मांडून बसू नकोस. फक्त समोर बस. राणीला भांडी घासायला लावताना ती कशी हसली, ठसका कसा लागला, पदर कसा धरला, ते लिहून भागणार नाही, ताई. मला करून दाखव.

तुझी,
भिंगरी